पॅनल पुसताना

पाटणसावंगीला सलूनच्या वर एका खोलीत माझं दुकान.
भाडं तीन हजार, पाटी रंगवायचे बाराशे,
आणि खिडकीतून सरळ दिसतात
खापरखेड्याच्या चिमण्या.
बाबा तिथं एकतीस वर्षं होते. राख विभागात.

"ऊन विकतेस?" पहिल्याच दिवशी
खालचा रत्नदीप वस्तरा घासत म्हणाला,
"मे महिन्यात आमच्याकडचं घेऊन जा ना ताई,
वरून वीस रुपये देतो."

लोकांना सांगायला जड जाते ती गोष्ट हीच,
की आपल्याकडचं ऊन जरा जास्तच आहे.
पारा पंचेचाळिसावर गेला की पॅनलही दमतं,
जेवून बसलेल्या कारकुनासारखं
काम करतं, पण मनापासून नाही.
खरं पीक माघातलं,
स्वेटर काढावा की राहू द्यावा, अशा दिवसांचं.
हे मी खरं-खरं सांगते
आणि गिऱ्हाईक असं बघतं
जणू माझ्याच वरणात मी पाणी ओतलं.

सिंधूबाई उरकुडेंनी तरी हो म्हटलं.
गव्हाची एक चक्की, मिरचीचं कांडप,
टिनावर मावतील तेवढी पॅनलं.
"ढग आले तं गिरनी बंद पडन काय वं?"
नाही मावशी, लाइन जोडलेलीच राहील.
"अन् लाइन गेली तं?"
इथं मी कागद उलटसुलट केला,
आणि हळूच सांगितलं. त्यांना ते ऐकू आलं नसावं.

मीटरला सत्तेचाळीस दिवस लागले.
साहेब दौऱ्यावर, मग साहेबांची मुलगी दहावीला,
मग शिक्का होता, पण शाई वाळलेली.
सत्तेचाळीस दिवस बँकेचं व्याज मात्र
एकही दिवस दौऱ्यावर गेलं नाही.

आणि चैत्रात एका दुपारी बाराला लाइन गेली.
सूर्य डोक्यावर, गिरणी मुकी.
ओट्यावर दळणाचे अकरा डबे,
आणि सिंधूबाईंचा फोन:
"वर एवढं तापून राह्यलं अन् खाली काहूनच नाही?"

गेले. टिनाखाली घाम पुसत समजावलं:
लाइन गेली की हेही आपोआप थांबतं, मावशी.
आपली वीज उलटी तारेत शिरली
तर खांबावर चढलेल्या माणसाला झटका बसेल.
त्या गप्प. हाताला पीठ, पापण्यांवर पीठ.
मग दारातून खांबाकडे पाहत म्हणाल्या,
"आज शेवंताचा पोट्टा चढला असन.
राहू दे बंद."
आणि डबेवाल्या बायांसाठी
पाण्याचा गुंड भरायला घेतला.

माझ्या माहितीपत्रकात हे वाक्य नाही.
कसं छापणार.

पावसाळ्याआधी युनिट घसरले.
मोबाइलवरची रेघ रोज थोडी बुटकी.
शिडी लावून वर गेले, काचेवर बोट फिरवलं:
करडी, मऊ, साबणाला न जुमानणारी.
वास घ्यायची गरज नव्हती.
लहानपणी दारामागच्या खिळ्याला
हीच राख शर्टाच्या रूपात टांगलेली असायची.

बाबांना सांगायचं की नाही, दोन दिवस ठरेना.
तिसऱ्या दिवशी तेच विचारू लागले, काय झालं.
ऐकून घेतलं. चहा संपवला.
"ओळखीची आहे," एवढंच म्हणाले,
आणि माळ्यावरून जुनी हेल्मेट काढली, पिवळी.

आता काच तापायच्या आत, पहाटे साडेपाचला,
सिंधूबाईंच्या टिनावर एक रिटायर्ड माणूस असतो.
बादली, आईच्या सुती लुगड्याचं फडकं,
गुडघ्याखाली पोत्याची घडी.
एकेक पॅनल असं पुसतो
जसं शाळेत निघालेल्या पोराचं तोंड.

मी म्हटलं, बाबा, माणूस ठेवते.
तर म्हणाले, "ठेवलाय की. हजेरी लिही.
पहिली पाळी."
लिहिते. महिन्याला नऊशे रुपये,
ते मोजून घेतात, दोनदा.

काल शिडी उतरताना
चिमणीच्या धुराकडे बघत थांबले जरा.
धूर कलला होता आपल्याच बाजूला.
"वारा फिरला नाही अजून," म्हणाले,
"उद्या यावं लागेल."